एकशे त्र्याण्णव

मंगळवारी पेपरात यादी आली.
नेब्रास्कातल्या दोनशे चाळीस डिस्ट्रिक्टांत
आम्ही एकशे त्र्याण्णवावे.
नदीपलीकडचं अल्डर क्रीक नववं.
मध्ये एक लोखंडी पूल, आणि अडीच मैल मका.

कुबिचेक सरांनी ते पान घडी करून
कॉफीच्या कपाखाली ठेवलं.
नंतर कप उचलला तर गोल डाग
नेमका आमच्या नावावर.

एप्रिलमध्ये मी त्या खोलीत होते.
भिंतीवरचे पाढे, नकाशे, अक्षरं
सगळं तपकिरी कागदानं झाकलेलं. नियमच आहे.
उघडं राहिलं फक्त घड्याळ.

युलालिया त्सोक जानेवारीत आली होती.
घरात किचे, प्रवासात उचललेली स्पॅनिश,
आणि अकरा आठवड्यांची इंग्रजी,
अजून दुधाच्या दातांची.
आई मांसाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.

उताऱ्यात शिडाच्या होड्यांची शर्यत.
तिनं हात वर केला: "रेगाटा म्हणजे काय?"
मला सांगायची मनाई.
छापील वाक्य तेवढं म्हणायचं, ते म्हटलं:
तुला योग्य वाटेल ते उत्तर निवड.
तिनं सगळीकडे तिसरा गोल काळा केला,
वरपासून खालपर्यंत, सरळ,
हातशिलाईच्या टाक्यांसारखा.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पॉपकॉर्न जाळले, भोंगा वाजला.
तिनं नव्या चौघांना तीन भाषांत बाहेर काढलं,
आणि पुन्हा आत पळाली,
कारण गॅटलुआक बेंचखाली कान झाकून बसला होता.
उत्तरपत्रिकेत त्यासाठी गोल नव्हता.
(मी शोधला नाही असं नाही.)

आडात असेल तेच पोहऱ्यात येणार, म्हणतात.
म्हणोत.
पण पोहऱ्यावरून आडाचा भाव ठरवताना
दोर कुणाला किती हात दिला होता
ते यादीत कुठल्या रकान्यात बघायचं?

घरं विकणारी बाई नकाशा दाखवते:
नदीपलीकडे हिरवा, अलीकडे नारिंगी.
तोंडानं काही बोलत नाही. बोलायची गरज नसते.

ऑगस्टमध्ये युलालियानं मला जिन्यात गाठलं.
"आता सांगता येईल?"
मी फळ्यावर होड्या काढल्या, शिडं काढली,
दोरी, बक्षीस, काठावरची माणसं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"वारा सगळ्यांना सारखाच मिळतो?"

घंटा झाली. बरं झालं.

माझी लेक दोन वर्षांपूर्वी अल्डर क्रीकला गेली.
घर बघायला मी सोबत होते,
शाळेचा आकडा चष्मा लावून
मीच मोठ्यानं वाचला होता,
आणि म्हटलं होतं, घेऊन टाका.

आज नातवाचा वाढदिवस.
पुलावर गाडीच्या काचा वर केल्या;
कारखान्याचा वास निम्म्या पुलापर्यंत येतो,
मग येत नाही.