चारशे बारा ओळींचा दिवा

एव्हेराल्दो, तुझा ड्रायव्हर मी दोनदा वाचला.
एकदा आल्या आल्या, बूटही न काढता,
आणि आत्ता, पहाटे चारला.
केमीचं बंदर गोठून पांढरं पडलंय,
बर्फ फोडणारं जहाज लांब कुठेतरी घोरतंय.
तुझ्या कुरितीबात उन्हाळा असेल.

चारशे बारा ओळी, तांदळाच्या दाण्याएवढ्या दिव्यासाठी.
माझी बहीण हेल्वी विचारते,
त्याला बटण नाही का?

ओळ एकोणनव्वद.
कुलूप लावून तू आत गेलास,
चिपला हाक मारली, चिप बोलली नाही,
आणि तू तसाच मागच्या दाराने निघून गेलास.
कुलूप लागलेलंच.
आता पुढचा जो येईल तो दारात ताटकळेल,
कुणीतरी यंत्राची वायर उपटेपर्यंत.
लाखात एकदा होईल हे, मान्य.
पण दिवे लाखांनीच विकले जातात.

ओळ एकशे चाळीस.
इथे झोपायची मुभा नाही.
टायमरच्या दारी उभ्या उभ्या बोलायचं आणि निघायचं,
तू मात्र दोन तारांवरून निरोप धाडतोस
आणि उत्तर येईपर्यंत तिथेच डुलकी काढतोस.
हे काम रांगेत टाक. मागे एक जण बसलेला असतो,
त्याला झोपेची परवानगी आहे.

ओळ दोनशे तीन. शून्य एक्स तीन एफ.
हा कोण? ह्याला नाव दे.
इथे मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं,
धारदार, छान जमलेलं.
मग पुसलं.
माझ्या पहिल्या पॅचला एकाने असंच उत्तर दिलं होतं.
त्याचं बरोबर होतं.
पण दुरुस्ती काय होती ते मी विसरले,
वाक्य अजून पाठ आहे.

आता दोनशे सतरा. इथे जरा थांब.
लिहिणं फसलं तरी तू शून्य परत करतोस,
शून्य, म्हणजे सगळं ठीक.

मी कागदाच्या गिरणीत सत्तावीस वर्षं पॅनेलसमोर काढली.
पाळीच्या सुरुवातीला एक बटण दाबायचो,
सगळे दिवे एकदम पेटायचे, जत्रेसारखे,
आणि आम्ही मोजायचो.
कारण विझलेला दिवा दोन गोष्टी सांगतो:
काही बिघडलेलं नाही,
किंवा दिवाच गेलाय.
एका रात्री आम्ही मोजले नाहीत. हॉकीचा सामना होता.
तिसऱ्या ड्रायरचं बेअरिंग लालभडक तापलं,
वर त्याचा दिवा गप्प.
आर्मासला वास आला म्हणून वाचलो.
आर्मासला नाक होतं.
तुझ्या दुधाच्या टाकीपाशी रात्री कोण असतं?
तूच लिहिलंयस, लाल म्हणजे दूध तापलं.
मग लाल पेटलाच नाही, हे कुणाला कळायचं?

रंगांची नावं नीट आहेत. समासही.
वर्णन तर फारच चांगलं,
इतकं की मी तुला शिक्षक समजले.

तू पोस्टाने पाठवलेला बोर्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे,
ब्रेडच्या डब्याला टेकून.
ड्रायव्हर चढवला, हिरवा पेटला.
ड्रायव्हर उतरवला.
हिरवा तसाच.
मालक घर सोडून गेला आणि दिवा मालवायचं राहिलं.
ओळ तीनशे एक्क्याण्णव: आधी नोंद काढ,
मग दिवा शून्यावर आण,
वीज सगळ्यात शेवटी.

हे टाइप करत होते तेवढ्यात हेल्वी पाणी प्यायला आली,
अंधारात टेबल चाचपत.
मी म्हटलं, तो चुकून पेटलेला राहिलाय, बघू नकोस.
ती म्हणाली, राहू दे की,
माझा चष्मा सापडला.

तरी तीनशे एक्क्याण्णव दुरुस्त कर.
दुसरी आवृत्ती पाठव,
मग खाली माझं नाव लिहीन.