फटीग

दवाखान्यात नर्सबाईनं कन्नडात विचारलं,
सुस्त आगैतेनरी, अज्जा?
बाबा तडकले.
सुस्त? मी?
बावीस वर्षं पलटणीत, एक दिवस सिक रिपोर्ट नाही,
आणि ही पोरगी मला आळशी म्हणते.
मी मध्ये पडले. बाबा, त्यांच्यात सुस्त म्हणजे दमलेला.
आपल्याकडेच तो शब्द
जेवून आडवा झालाय.

मग डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत एकच शब्द लिहिला
आणि मोठ्यानं वाचला.
बाबा खुर्चीतून उठून ताठ उभे.
फटीग? किती दिसाची?
कुणी दिली?

बेळगुंदीच्या बसमध्ये त्यांनी मला समजावलं :
लढाई नसली की फटीग असते.
गवत काढ, ड्रम घास, दगडांना चुना मार,
साहेब यायच्या आत झाडांना गेरू.
त्यात दमायचं काय?

रात्री मी लेकाचा जाडा कोश उघडला.
शब्द लॅटिनमधून आलेला. कोशकार चाचपडत लिहितात, बहुधा
भेग पडेस्तोवर हाकणे.
कुणाला हाकणे, ते दिलेलं नाही.
आपल्या मराठीतल्या फटीशी त्याचं काही नातं नाही
हे मला कळतं.
खरं कान ऐकत नाहीत.

पहाटे चारला परसात बादलीची कडी वाजली.
फणसाच्या बुंध्याला कमरेएवढा गेरू,
वर चुन्याचा पट्टा, सुतानं आखल्यासारखा.
मग गुंडूमामाच्या दोन काजू.
मग विजेचा खांब.
काय करूलाय, बाबा?
फटीग.
श्वास छातीत मावत नव्हता, तरी हात थांबत नव्हता.
टाचांच्या भेगांत चुना जाऊन बसलेला.

ही संपते कशी?
साहेब म्हणतो, विसर्जन. मग सुट्टी.

एक शब्द. ओठांपर्यंत आला.
आमच्या घरात तो
तळ्याच्या पायरीवर म्हणतात,
आणि रिकामा पाट घेऊन माघारी येतात.
मी गिळला.
ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं,
हा पट्टा मी मारते,
तुम्ही नुसतं बघा सरळ येतो का.

वाकडा आला.
बाबा खांबाला टेकून बघत होते,
पाठीला ओला गेरू.
म्हणाले, पुन्हा.