भिजत घोंगडं

शारजाच्या किनाऱ्यापासून चार मैलांवर
जहाज नांगरून आता अकरावा महिना.
एजंट फोनवर म्हणतो, बोलणी चालू आहेत.
म्हणजे अडली आहेत.

सारंग परकार म्हणतात, तिढा पडलाय.
पण तिढा दोरीत पडला तर ते सोडवतात,
वेळ आली तर दातांनी.
कोंडी म्हणावं,
तर चहूकडे उघडं पाणी.
खोळंबा त्यातल्या त्यात बरा,
त्यात निदान कुणीतरी यायचं असतं.

आईला सांगितलं, पगाराचं घोंगडं भिजत पडलंय.
तिनं विचारलं, तिकडे पाऊस असतो का रे?

नसतो गं.
इथं बनियन तासाभरात वाळते,
मिठानं इतकी कडक
की भिंतीला टेकवून उभी करावी.

मालक बँकेकडे बोट दाखवतो,
बँक मालकाकडे.
साखर परवाच संपली.
रात्री भरती लागते, साखळी कुरकुरते
आणि सबंध जहाज सावकाश तोंड फिरवतं:
मघाशी शहराचे दिवे होते तिथं काळोख,
काळोख होता तिथं दिवे.

परकार कोऱ्या चहाचा घोट घेत म्हणतात,
बघ, एवढं तरी हललं.