दोरी

बाबांनी दोरीचं एक टोक डोळ्याखाली धरलं,
दुसरं मला दिलं: ओठाशी धर,
सुळा जिथून बाहेर येतो तिथं.
मो-जोनं डोळा मिटला नाही.
इतक्या जवळून त्याच्या पापण्या
केरसुणीच्या काड्यांइतक्या राठ.

"आता तेवढीच दोरी ओठापासून पुढे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"तिथवर आत जीव आहे. त्यापुढे नुसता दात."
मी खडूनं खूण केली.
बाबांनी ती अंगठ्यानं पुसली
आणि चार बोटं पुढे सरकवली.
बाई काही बोलल्या नाहीत.

दाखवायचे दात म्हणतात ह्यांना.
आत मनगटाएवढी नस,
गार पाणीसुद्धा तिला कळतं.

पूर्वी हे करावं लागत नसे.
सागाचा ओंडका सुळ्यांवर तोलायचा, नाल्यात लोटायचा,
की परत वर.
लाकूड सुळ्याला खायचं, सुळा लाकडाला,
कुणाचं कुणाकडे काही उरायचं नाही.
मग राजधानीतून कागद आला: तोड बंद.
जंगलाचं भलं झालं, मीही म्हणते, मी शाळा शिकलेय.
पण तो कागद सुळ्यांना कुणी वाचून दाखवला नाही.
ते वाढत राहिले,
घरी बसलेल्या माणसाच्या दाढीसारखे,
आधी पुढे, मग आत, एकमेकांकडे,
शेवटी टोकावर टोक आडवं आलं
आणि सोंडेच्या दाराला कडी लागली.
गवताची पेंढी तो बाजूनं तोंडात न्यायचा,
वळसा घालून,
आपल्याच घरात चोरासारखा.

बर्मीत सोन्याला श्वे म्हणतात, सुळ्याला स्वे.
जीभ जराशी वळली की झालं.
तेवढ्यासाठी के-डो काकांचा हत्ती गेला.
सकाळी साखळी जागेवर होती, पायही होता.
बाबा त्या हत्तीचं नाव घेत नाहीत.

तारेची करवत. मी वरून पाणी ओतायचं, थांबायचं नाही.
तरी वास आलाच, केस जळल्यासारखा.
बाबा कानाशी बसून करेनमध्ये पुटपुटत होते,
भाताविषयी, आमच्या गळक्या छपराविषयी,
आईलाही जे कधी सांगितलं नाही त्याविषयी.
बाबांना वरचे तीनच दात राहिलेत.
सुपारी मी कुटून देते.
ते पडले तेव्हा कुणी मोजमाप घेतलं नव्हतं.

इथं मात्र वनखात्याचा माणूस तराजू घेऊन आलेला.
डावा तुकडा, उजवा तुकडा.
उजवा हलका, मो-जो उजवा आहे,
सगळी कामं त्याच बाजूनं करतो.
मग भुगा. ताडपत्री झटकून झटकून, भुगासुद्धा.
पेटीवर लाख, लाखेवर शिक्का,
कागदावर बाबांचा अंगठा,
ज्याच्यावर माझा खडू अजून होता.

कानशीनं कडा मी गोल केल्या.
दोरी हरवू नये म्हणून मनगटाला गुंडाळली.
आमच्यात दोरा बांधतात तो
भटकलेला जीव अंगात परत यावा म्हणून.
ही तसली नव्हती.
बाबांनी पाहिलं, आणि बादली उचलली.

संध्याकाळी नदीत मो-जोनं सवयीनं सोंड उचलली,
डाव्या सुळ्यावर टाकायला,
दमला की टाकतो तशी.
टेकू नव्हता. सोंड पाण्यात आदळली.
त्यानं परत उचलली. परत.
तिसऱ्या वेळी बाबांनी आपला हात पुढे धरला,
कोपरापासून, आडवा.
हत्तीची सोंड माणसाच्या हातावर मावत नाही.
मावली तेवढी मावली.
बाबा कमरेपर्यंत गाळात रुतले,
हात तसाच.

"पुढच्या पावसाळ्यापर्यंत येईल बोटभर,"
ते म्हणाले.
कुणाला, ते मला कळलं नाही.