विरजण

औलूमध्ये नोव्हेंबर. तीन वाजताच अंधार.
साइमी कोइवुला दिवा लावते
आणि पॅकेजची कृती लिहायला घेते:
नाव, आवृत्ती, परवाना, कुणाकुणावर अवलंबून.

अवजार छोटंच आहे. त्याला व्याकरण द्यायचं,
ते वाचणारा घडवून देतं;
कुठला शब्द कुणाचा, कुठला कंस कुठे मिटतो
ते ओळखणारा.

पण बांधणीच्या खोलीचे नियम कडक.
खिडकी नाही, नेटवर्क नाही,
घड्याळ एक जानेवारी एकोणीसशे सत्तरवर
खिळवून ठेवलेलं,
आणि आत यायचं तर प्रत्येकाने
आपली आई दाखवायची.

नऊ हजार ओळींची एक फाईल दाखवू शकत नाही.
कपाळावर फक्त एवढंच:
'यंत्राने लिहिलेली. हात लावू नये.'
कुठल्या यंत्राने?
याच.
अवजाराचं स्वतःचं व्याकरण वाचायला
अवजारच लागतं.

म्हणजे विरजणाचीच गोष्ट.
कुहमोला साइमीच्या मावशीकडे
राईच्या पावाचं लाकडी पिंप कधी धूत नसत,
कडेला वाळलेलं पीठ पुढच्या पिठाला जागं करायचं.
पहिलं कुणी आंबवलं, हे विचारलं
की मावशी खांदे उडवायची.

खांदे उडवून चेकसम जुळत नाही.
साइमी जुन्या आवृत्त्यांची शिडी उतरत जाते,
चार पूर्णांक दोन, तीन, एक पूर्णांक एक,
प्रत्येकीच्या पोटात तिच्या आधीची.
अगदी तळाशी माणूस निघतो:
ओइवा कार्प्पनेन, कायानी.

दहा दिवसांनी पाकीट येतं.
कडेला भोकं असलेला प्रिंटरचा कागद,
चारशे बारा ओळी, सगळ्या हाताने रचलेल्या,
शाई इतकी विटलेली की आठ की तीन कळू नये.
वर पेन्सिलने: 'हे एकदाच लागेल.'

दोन संध्याकाळी ती टाइप करत बसते.
आठाला तीन समजून चुकते,
मग तिनाला आठ.

हातच्याने पहिला बांधला, पहिल्याने दुसरा,
दुसऱ्याने तिसरा.
दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवले:
बाइटला बाइट तोच.

राहिला एक इशारा.
'जर'च्या पोटात 'जर',
आणि शेवटी एकटंच 'नाहीतर',
ते कुणाचं?
व्याकरणाच्या माथ्यावर म्हाताऱ्याने
तेव्हाच लिहून ठेवलंय:
अपेक्षित संघर्ष, एक.

ती फोन लावते.
तो बर्फ लोटून नुकताच आत आलाय, धापा टाकतोय.
'बांधलं गेलं.'
'आणि ते नाहीतर?'
'अजून तसंच.'
'जवळच्या जरला देऊन टाक. मीही तेच केलं होतं.'
जरा थांबून:
'आणि कागद परत पाठव हं.
मागची बाजू कोरी आहे.'