पैज

तिकिटं दोन काढली होती, वीस सालच्या जानेवारीत.
मग तारीख तीनदा पुढे गेली,
आणि मारिसेल एकदाच.

न्यूकासलचा सिटी हॉल. रांग आर, खुर्ची चौदा.
पंधरावर माझा ओला कोट.
दोघांनी विचारलं, रिकामी आहे का?
नाही म्हटलं.

गिटारवाला तारा जुळवत होता.
मिरजेत आमच्या गल्लीत
तंबोऱ्याचे भोपळे वाळायचे उन्हात,
आणि दस्तगीरचाचा तारेखाली दोरा सरकवत बसायचे
जवारी लागेपर्यंत,
कान लाकडाला लावून.

डेला हार्ग्रेव्ह आली. साठीची, अनवाणी, हातात चहाचा मग.
पहिल्याच ओळीत कळलं, हिची जवारी बदललीय.
वरचे सूर खरखरतात,
पण खालचा आवाज आता इतका रुंद
की त्यात एखादं दमलेलं माणूस आडवं होऊ शकेल.

दोन साली, हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात
हिची सीडी मारिसेलनं लावली होती.
ती सुके मासे तळत होती, मी फोडणी घालत होते,
खालच्या मजल्यावरून तक्रार आली
ती दोघींची मिळून एकच.
माझं इंग्रजी मिरजेच्या नर्सिंग कॉलेजातलं,
तिचं इलोइलोचं, पेशंटांचं टाइनकाठचं;
तिन्ही एकमेकांना ओळख देईनात.
डेलाच्या गाण्यांवर आम्ही जिभा वळवल्या.

त्यातल्या एका गाण्यात एक ओळ.
मला ऐकू यायचं, आय ॲम नॉट अलोन.
तिला, आय ॲम ऑन लोन.
मी एकटी नाही.
मी उसनी आहे.
अगं, माणूस कसं असेल उसनं? वाटीभर साखर असते उसनी.
ती म्हणायची, तुझा व्हिसा काढ आणि वाच.
पैज पाच पौंडांची. नोट फ्रिजवर, चुंबकाखाली.
सीडी सेकंडहँड, आत शब्दांची पुस्तिका नव्हती.
पुढे फोन आले, शोधता आलं असतं.
शोधलं नाही. भांडणाला चव होती.

आज डेलानं मध्येच हात वर केला.
ड्रम थांबले. दोन हजार माणसं, खोकलासुद्धा नाही.
ती ओळ ती गायलीच नाही, नुसती बोलली,
शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी.
ऑन लोन.

आधी हसू आलं मला. जिंकलीस की गं.
मग तो एप्रिल आला.
आमचाच वॉर्ड, बेड सहा,
मी दोन मास्क आणि काचेच्या आडून
तिच्या कानाशी हेच गाणं म्हणत होते, माझ्या शब्दांनी.
एकटी नाही, एवढं तरी पोचावं.
तिनं एक बोट हलवलं होतं, डावीकडे, उजवीकडे.
दोन वर्षं मी समजत होते, बरं वाटलं तिला.
चूक दुरुस्त करत होती, बया.

तेरावरची बाई वाकली. हातात बिअर, गालांवर काजळाचे ओघळ.
"यू ऑलराइट, पेट?"
इथे लाडानं सगळ्यांनाच पेट म्हणतात.
वीस वर्षं झाली, तरी माझ्या कानात आधी मराठीच पोचतं.
पेट.
पेटले. उठले,
आणि शेवटचं कडवं बेंबीच्या देठापासून गायले,
चुकीच्याच शब्दानं.
तेरावरची माझ्याकडे बघून तोच शब्द गायला लागली.
तिला वाटलं असेल, मला माहीत आहे.

दिवे लागले. कोट उचलला
तर पंधराची गादी ओली होती,
माणसाच्या आकाराची नाही, कोटाच्या.

उद्या सातची ड्यूटी.
फ्रिजवरची ती नोट कागदी, जुनी.
सतरा सालापासून दुकानात घेत नाहीत.
बँकेत बदलून मिळते म्हणतात.
बघू.