पातळी

सकाळी सहाला मी पट्टीवर टॉर्च मारतो
आणि ठाण्याला फोनवर आकडा सांगतो.
सुलक्षणा मॅडम तोच आकडा परत म्हणतात.
मागे त्यांचा मिक्सर चालू असतो.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला, त्यावर ही नोकरी.
बावीस वर्षं. पट्टीचा रंग दोनदा उडाला.
नकाशात आमचा पाडा नाही,
मला तो मीटरमध्ये पाठ आहे:
एकशे सत्तावीसला खळं.
एकशे बावीसला मेंगाळांचा मांडव, लग्न मोडलं तो.
एकशे वीसला विहिरीचा काठ.
(पाण्याखाली विहीर म्हटलं की नवे इंजिनियर हसतात.)
एकशे अठरा पूर्णांक साठला
आईचा उंबरा.

निघायच्या दिवशी तिने घर सारवलं होतं.
बुडणारं घर कुणी सारवतं का, बाबा ओरडला.
कोपरा राहिला होता तेवढा पुरा करूनच
ती ट्रकात चढली.

रात्री टर्बाइन लागलं
की गेस्टहाऊसच्या काचा बारीक थरथरतात.
आमच्या अंगणावरचं पाणी चक्कर खाऊन
नदीत उतरतं, बंधाऱ्यापाशी पाइपात शिरतं,
घोडबंदरच्या बाविसाव्या मजल्यावर चढतं.
माझी बहीण यमी तिथे भांडी घासते.
फोन करते,
"दादा, आज गढूळ आलंय. पाय धुतलेस काय त्यात?"

उंबरा उघडा पडला एकदाच, सहा वर्षांमागे.
मी चिखल तुडवत गेलो.
जमिनीतल्या उखळात ओंजळभर पाणी,
त्यात एक मळवा मासा, गोल गोल फिरत.
दुपारपर्यंत गाड्या आल्या.
एक पोरगी चुलीवर पाय ठेवून हसली
आणि पेपरात फोटो छापून आला:
'धरणाने तळ गाठला'.
तळ अजून खूप खाली होता.

यंदा मेच्या एकोणिसाला
पट्टी दाखवत होती एकशे अठरा पूर्णांक चोपन्न.
टॉर्च विझवला. पुन्हा लावला.
तेवढंच.

"बोला, भगत."
"एकशे अठरा पूर्णांक बासष्ट."
मिक्सर थांबला.
"कालही बासष्टच होतं ना?"
"हो मॅडम. आज उतरलं नाही."

मॅडमनी आकडा परत म्हटला,
जरा सावकाश,
आणि फोन ठेवला.
मी पट्टीकडे पाठ करून
उजाडेपर्यंत तंबाखू मळत बसलो.